सोसायटी, पोस्ट की बँक: रिटायरमेंटचे पैसे ठेवताना माझं कशावर अडलं

बेळगावच्या उद्यमबागेतल्या आमच्या जुन्या कंपनीतले दोघंजण येत्या मार्चला रिटायर होतायत आणि दोघांचाही फोन एकाच आठवड्यात आला, पीएफ-ग्रॅच्युइटी मिळून वीस-बावीस लाख येतील, कुठं ठेवू? फोनवर सांगून सांगून तोंड दुखलं म्हणून हे लिहून काढतोय. एफडी म्हणजे काय, नॉमिनी का लावायचा, असलं यात काही नाही, ते तुम्हाला माहीत असणारच. मी कुणी सल्लागार नाही. एका फौंड्रीत ३१ वर्षं स्टोअर सांभाळलं, दुसऱ्याचा माल मोजण्यात जन्म गेला, स्वतःचा पैसा मोजायची वेळ ५८ व्या वर्षी पहिल्यांदा आली.

माझा हिशेब असा होता. ३१ डिसेंबर २०२३ ला सुटलो. ग्रॅच्युइटी जानेवारीत आली, साडेचार लाखाला जरा कमी, पीएफ फेब्रुवारीत, एकोणीस लाखाच्या आसपास. पीएफ ऑफिसाकडून मिळणारी ईपीएसची पेन्शन महिना तीन हजार चारशे, त्यात गॅस, लाईट बिल आणि दोघांचे रिचार्ज भागतात आणि संपलं. घर वडगावात स्वतःचं आहे, भात येळ्ळूरच्या वाट्याच्या शेतातून येतं, पोरगा पुण्याला आहे आणि त्याच्यापुढं हात पसरायचा नाही हे नवरा-बायकोचं आधीच ठरलेलं. म्हणजे मुद्दलाला हात न लावता महिन्याला पंधरा हजार पडले पाहिजेत, एवढंच मागणं.

आता आपल्याकडं पैसे ठेवायचे म्हटलं की पहिलं नाव सोसायटीचं, म्हणजे सहकारी पतसंस्थेचं येतं, हे कोल्हापूर-निपाणीपासून खाली खानापूरपर्यंत सगळ्यांना माहीत आहे. गल्लीत दूध डेअरी नसेल पण सोसायटीचा बोर्ड असतो. आणि सहकार आपल्या भागाला नवा नाही ओ, देशातल्या अगदी पहिल्या शेतकी पतसंस्थांपैकी एक १९०५ साली शेजारच्या गदगजवळ कणगिनहाळला निघाली. त्यामुळं सोसायटीला नावं ठेवणारा मी नाही. माझ्या घराचा पाया सोसायटीच्या कर्जावर निघाला, पोरीच्या लग्नात दहा मिनिटांत सोनेतारण करून दिलं ते सोसायटीनंच. ग्रॅच्युइटी आली तसे दीड लाख स्लॅबच्या गळतीला घातले आणि तीन लाख सरळ सोसायटीत ठेवले, १३ महिन्यांची ठेव, साडेनऊ टक्के, व्याज दरमहा. महिन्याला दोन हजार तीनशे पंच्याहत्तर. पिग्मीवाला, म्हणजे सोसायटीसाठी घरोघरी रोजची छोटी बचत गोळा करणारा, रोज येतोच, तोच व्याज पाकिटात घालून घरी आणून द्यायचा. खुर्ची मिळते, चहा मिळतो, फॉर्म मराठीत, मॅनेजर आपल्या भाषेत बोलतो. सुखाची बाब म्हणायची.

आठ दिवस झाले नसतील. नंदगडचा माझा चुलत भाचा सकाळी सकाळी दारात. चहा झाला, तब्येतपाणी झालं, मग म्हणतो, "मामा, तीन लाख ठेवलायसा म्हणे सोसायटीत, त्यातलं एक लाख मला द्या की, बोर मारायलोय, सोसायटीपेक्षा अर्धा टक्का जास्त देतो." मी गार. रक्कम माहीत, दर माहीत, कुठं ठेवलंय ते माहीत. मी म्हटलं बाबा, ते मुदतीत अडकलेत, तर म्हणतो, "ठेवीवर नव्वद टक्के कर्ज मिळतंय की, विचारून आलोय मी." म्हणजे मी नाही कसं म्हणेन आणि त्यावर उत्तर काय, हे सगळं काउंटरवरून घेऊनच तो आलेला. त्याच आठवड्यात साडूचा पोरगा टेम्पोच्या डाउन पेमेंटसाठी आणि मागच्या गल्लीतले एक जुने मित्र मुलीच्या ॲडमिशनसाठी. तिघंही वाईट माणसं नाहीत, गरजा खऱ्या होत्या. पण आयुष्यात पहिल्यांदा तीन लाख एकत्र दिसले आणि तेही दिसले ते मला एकट्याला नाही, अख्ख्या गल्लीला.

दोष कुणाला द्यायचा? मॅनेजर आमच्याच वाड्यातल्या जावयाचा भाऊ, क्लार्क पोरगी माझ्या बहिणीच्या नणंदेची, डायरेक्टर एकजण भजनाला शेजारी बसतो, पिग्मीवाला तर सकाळ-संध्याकाळ शंभर घरं फिरणारा माणूस. मुद्दाम कोण सांगत नाही. "त्यांचं बरं आहे, परवाच ठेवलेत" एवढं सहज बोललं जातं, पुढचं गाव जोडून घेतं. ओळख हीच सोसायटीची ताकद, आणि माझ्यापुरता तोच अडथळा ठरला. व्याजदर, सुरक्षितता, टॅक्स हे सगळं मी नंतर बघितलं, खरं सांगायचं तर निर्णय त्या सकाळच्या चहालाच झाला होता. पीएफचे पैसे मला कुणी ओळखत नाही अशा ठिकाणी ठेवायचे.

सुरक्षिततेचं बोलतोच आहे तर एक गोष्ट. बँकेतल्या ठेवीला डीआयसीजीसीचा, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या ठेव-विमा कंपनीचा विमा असतो, एका बँकेत एका माणसाला व्याजासकट ५ लाखापर्यंत, ४ फेब्रुवारी २०२० पासून, त्याआधी १ लाखच होता. सहकारी बँकेलाही तो लागू आहे. पण सोसायटीला नाही. आणि आपल्याकडं बोर्ड वाचून फरक कळत नाही, एक अर्बन को-ऑप बँक असते ती रिझर्व्ह बँकेखाली, एक सौहार्द सोसायटी असते ती कर्नाटकाच्या १९९७ च्या कायद्याखाली, एक मल्टीस्टेट सोसायटी असते ती २००२ च्या केंद्राच्या कायद्याखाली, आणि तिन्हींच्या दारात तसलाच काचेचा दरवाजा आणि तसलाच एसी. मल्टीस्टेट हा शब्द ऐकून लोकांना वाटतं हे काहीतरी मोठं, सरकारी. एकापेक्षा जास्त राज्यांत धंदा करायची परवानगी एवढाच त्याचा अर्थ, ठेवीला विमा नाही तो नाहीच. चांगल्या चालणाऱ्या संस्था भरपूर आहेत, मी ठेवलेल्या ठिकाणी मुदत संपल्यावर दुसऱ्या दिवशी पैसे मिळाले, एक रुपया बुडाला नाही. पण दीड-दोन टक्के जास्त व्याज हे त्या नसलेल्या विम्याचं आहे, असं मी मानतो.

तर बँक. म्हणजे बँकेची एफडी नव्हे, बँकेत उघडलेलं सीनियर सिटिझन सेव्हिंग स्कीमचं खातं, एससीएसएस. ही स्कीम लोकांना पोस्टाचीच वाटते, पण सरकारी बँकांमध्येही मिळते, दर तोच. मी घातले तेव्हा ८.२ टक्के होता आणि घातला त्या दिवशीचा दर पाच वर्षं बदलत नाही. मर्यादा पूर्वी १५ लाख होती, एप्रिल २०२३ पासून ३० लाख झाली. मी १२ लाख घातले, दर तीन महिन्यांनी २४,६०० येतात.

इथं ५८ ला रिटायर होणाऱ्यांनी कान देऊन वाचा, कारण माझं थोडक्यात हुकणार होतं. स्कीम साठीनंतरची, पण ५५ ते ६० मध्ये रिटायर झालेल्यांनाही चालते, अट अशी की रिटायरमेंटचे पैसे हातात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत घालायचे. पूर्वी एकच महिना होता, नोव्हेंबर २०२३ ला तीन केले, माझं नशीब. आणि घालायची रक्कम रिटायरमेंटच्या मिळालेल्या पैशापेक्षा जास्त नको. त्यासाठी कंपनीच्या लेटरहेडवर पत्र लागतं, किती पैसे, कशाचे, रिटायर कधी झालो. आमच्या ऑफिसात हे पत्र देणारा माणूस मार्चच्या गडबडीत, त्याला तीन आठवडे फोन करत होतो. तर तुम्ही हे पत्र शेवटच्या दिवशी, हार-नारळ घेतानाच घ्या. ती तारीख हुकली की साठ पूर्ण होईपर्यंत बसायचं.

आणि एक गंमत. स्कीमला मी सीनियर होतो, पण इन्कम टॅक्सला नव्हतो, कारण टॅक्सवाल्यांचं साठ म्हणजे साठ. त्यामुळं टीडीएसची, म्हणजे व्याजातून टॅक्स कापायची, वाढीव मर्यादा नव्हती, आणि टॅक्स कापू नका म्हणून द्यायचा फॉर्म सीनियरचा १५एच नाही, १५जी भरायचा होता. बँकेच्या साध्या एफडीवर सीनियरचा जादा अर्धा टक्का तोही नव्हता. काउंटरवरच्या पोराला हे पटेना, तो म्हणे सर आप तो सीनियर सिटिझन हो ना, मी म्हटलं बाबा, अर्धा.

अजून एक शहाणपण करायला गेलो होतो तेही सांगतो. व्याज तीन महिन्यांनी येतं हे घरात कुणाला पसंत नव्हतं, दूधवाला, किराणा, भाजी सगळं महिन्यावर. म्हणून मी डोकं लावलं, चार-चार लाखाची तीन खाती काढू, एक आत्ता, एक महिन्यानं, एक दोन महिन्यानं, म्हणजे दरमहा एकाचं व्याज पडेल. कागदावर हिशेब मांडून घेऊन गेलो. काउंटरवरच्या मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, खातं कधीही काढा, व्याज १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर, १ जानेवारीलाच. एकतीस वर्षं स्टोअरचा स्टॉक जुळवणारा माणूस, माझं तोंड बघण्यासारखं झालं असणार. पण आता दोन वर्षं झाली आणि त्या तारखांची सवय लागली. जुलैचं मंगाईच्या यात्रेला उपयोगी पडतं, ऑक्टोबरचं दसरा-दिवाळीला, जानेवारीचं संक्रांतीला. एप्रिलला बँकेचं वर्ष बदलतं म्हणून मी एक-दोन दिवस उशिराच जातो. एकदम आलेले २४,६०० बायको तीन पाकिटांत वाटून ठेवते, ही सिस्टीम कुठल्या बँकेत नाही.

बँकेची खोड म्हणजे भाषा, हे लपवत नाही. माझी शाखा कॅम्पातली, मॅनेजर ओडिशाचे होते, आता बदलून दुसरे आलेत ते आंध्राचे. स्लिपा कन्नड-इंग्लिश-हिंदी, बोलणं हिंदीत, कन्नड बोललात तर क्लार्क खूश. मराठीत कोण बोलत नाही, फक्त वॉचमन. आणि नावांची भानगड. पीएफला मी यल्लाप्पा, आधारला येल्लाप्पा, पॅनवर बापाचं नाव आधी आणि माझं नंतर. पत्ता तर विचारू नका, पॅनच्या वेळी दिला तो बेळगाम, १ नोव्हेंबर २०१४ नंतरच्या सगळ्या कागदांवर बेळगावी, आणि तोंडात जन्मभर बेळगाव. एकाच गावात राहून मी तीन गावचा झालो. नोटरीकडं जाऊन हे सगळे एकच इसम आहेत असं ॲफिडेव्हिट करून दिलं, दोन चकरा गेल्या. सोसायटीत यातलं काही लागलं नव्हतं, तिथं मला ओळखत होते. पण बघा, त्याच शाखेत मी ओळ लावून उभा राहतो आणि माझ्या मागंपुढं माझ्या खात्यात काय आहे हे जाणणारं एक माणूस नसतं. मॅनेजर तीन वर्षांनी बदलून जातो, माझी माहिती घेऊन कुठल्या भजनात बसणार?

आणि मागायला आलेल्यांना सांगायलाही सोपं पडतं. सरकारच्या स्कीमला घातलेत, पाच वर्षं, त्यावर कर्जही मिळत नाही. हे शेवटचं खरं आहे, एससीएसएसच्या खात्यावर कर्ज मिळत नाही, आणि लोक हा तोटा म्हणून सांगतात, मला तो सगळ्यात मोठा फायदा वाटला. मोडता येतं, वर्षाच्या आत मोडलं तर व्याज परत जातं, एक ते दोन वर्षांत दीड टक्का कापतात, पुढं एक टक्का. ते मला माहीत आहे, पाहुण्यांना नाही. आता हे वाचलं तर होईल.

पोस्टाचं राहिलं. पोस्टातही एससीएसएस मिळतं पण तिथं मी मंथली इन्कम स्कीमसाठी गेलो, एमआयएस. वयाची अट नाही, म्हणून मंडळींच्या नावानं काढली, तिला अजून पंचावन्न व्हायचीत. आम्ही काढली तेव्हा ७.४ टक्के, एकट्याला ९ लाख, जॉइंटला १५ लाख मर्यादा. आधी पीएफमधले तीन लाख घातले, नंतर सोसायटीची मुदत संपली ते तीन. आता सोसायटीचे पैसे एससीएसएसला का नाही घातले, तर तीन महिने कधीच होऊन गेले होते, दार बंद. सहा लाखाचे महिना ३,७०० येतात, पोस्टाच्या सेव्हिंगला जमा होतात. तिथले पडून राहिले तर त्याच्यावर सेव्हिंगचं व्याज, पण एमआयएसच्या खात्यातच न काढता ठेवलं तर त्याच्यावर काही मिळत नाही, म्हणून जमा व्हायचं फॉर्मवर लिहूनच द्या. एससीएसएसपेक्षा पाऊण टक्क्याहून जरा जास्तच कमी, पण महिन्याची गॅप याच पैशानं भरली. सर्व्हर डाऊन म्हणून परत आलोय हे मोजणं मी सोडून दिलंय, पावसाळ्यात जरा जास्तच. पण मंडळींना पोस्ट आवडतं, तिथल्या बाकावर बायका भेटतात. पासबुक मात्र ती पदराखाली धरून भरून घेते, हे आमच्याच घरचं शिक्षण.

बाकीचे पर्याय मी बघितले, लांबण लावत नाही. विम्याची ॲन्युइटी, म्हणजे एकदम पैसे भरून जन्मभर पेन्शन, घेऊन एजंट दोनदा आला, दर जन्मभर बदलत नाही ही गोष्ट खरंच मोलाची आहे, पण मुद्दल वारसाला परत मिळणाऱ्या पर्यायात मला दाखवलेला आकडा साडेसहाच्या आसपास होता, आणि पैसा एकदा दिला की दिला. ज्यांना पोरंबाळं पैसे काढायला लावतील अशी भीती आहे त्यांनी जरूर विचार करावा, माझ्या भीतीची माणसं पोरं नव्हती, पाहुणे होते. रिझर्व्ह बँकेचे फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या दराचे बाँड तेव्हा ८.०५ चे, मर्यादा नाही, पण सात वर्षं आणि व्याज सहा महिन्यांनी, तीन महिन्यांवरनंच घरात भांडण झालेलं. पोरगा म्हणत होता डेट फंडात, म्हणजे कर्जरोख्यांच्या म्युच्युअल फंडात ठेवून एसडब्ल्यूपी लावा, दरमहा ठरलेली रक्कम काढली जाऊन खात्यात येईल. त्याला कळतं माझ्यापेक्षा जास्त, पण एप्रिल २०२० ला एका मोठ्या फंड हाऊसनं सहा डेट स्कीम एका दिवसात बंद केल्या होत्या, तेव्हा आमच्या कंपनीतल्या एका साहेबांची झोप उडालेली मी जवळून बघितली. मिळाले नंतर पैसे, पण साठीला असली वाट बघणं मला झेपणार नाही. तुम्हाला झेपत असेल तर तुमचं गणित वेगळं.

मग मोजा, ८,२०० एससीएसएसचे महिन्याच्या हिशेबानं, ३,७०० पोस्टाचे, ३,४०० पेन्शन, पंधरा हजार तीनशे. चार लाख त्याच बँकेत साध्या एफडीत, दवाखान्यासाठी, ते विम्याच्या आत बसतात. एससीएसएस आणि पोस्टाचे हे अठरा लाख सोसायटीत साडेनऊनं ठेवले असते तर महिन्याला सव्वादोन-अडीच हजार जास्त आले असते, हे मान्य आहे, आणि ज्याचं गावात फार कुणाशी नातं नाही, किंवा ज्याला तोंडावर नाही म्हणता येतं, त्यानं विम्याचा धोका समजून थोडे तिथं ठेवले तर मी चूक म्हणणार नाही. कन्नड-हिंदीची अडचण असणाऱ्यानं पोस्टातच एससीएसएस काढावं, पोस्टमन मराठी निघायची शक्यता जास्त. पण माझ्यासारखा मवाळ माणूस असेल, ज्याला चहा पाजल्यावर नाही म्हणता येत नाही, तर त्यानं अनोळखी मॅनेजर शोधावा. जोडीदाराला जॉइंट घाला म्हणजे मागं-पुढं झालं तर खातं तसंच चालू ठेवता येतं. आणि ते कंपनीचं पत्र, परत सांगतोय.

सोसायटी सोडली असं समजू नका. शंभर रुपयांची पिग्मी अजून रोज चालू आहे, पिग्मीवाला रोज दारात येतो. परवाच उभ्या उभ्या सांगत होता, तुमच्या नंदगडच्या भाच्याच्या बोरला पाणी लागलं, ऊस चांगला आला, आणि त्यानं साठ हजार ठेवलेत आमच्याकडं, १३ महिन्यांला.